एकशे आठ वाती आणि मुका रेडिओ

माझ्या मुलाच्या, स्वराजच्या, साखरपुड्याला सोमाटण्याहून पाहुणे आले होते. जेवणं झाली, विडे फिरले आणि नवरीच्या, कोमलच्या, मामीची नजर ओसरीतल्या फळीवर गेली. तिथं आमचा जुना व्हॉल्व्हचा रेडिओ असतो. लाकडी, हार्मोनियमएवढा, पुढे पिवळट काच.

"अगंबाई, केवढा जुना! वाजतो का हो?"

माझ्या सासूबाई, सरुबाई, खाटेवर बसल्या होत्या. वय ब्याऐंशी, कपाळावर बुक्क्याचा ठिपका, आवाज खणखणीत. म्हणाल्या, "वाजायचा की. लय वाजायचा. ही राजेश्वरी वैशाखात माप वलांडून आली अन् श्रावणात ह्यो मुका झाला. पायगुण! आता बगू, नवी काय बंद पाडती ते."

सगळे हसले. मीही हसले. एकतीस वर्षं ऐकल्यावर ते हसू आपोआप येतं. कोमलही हसली, पण हसता हसता तिनं मान खाली घालून स्वतःच्या पावलांकडे पाहिलं.

ते मला दिसलं.

माझं काय, ते मी कधीच देवाच्या पायाशी ठेवून दिलं होतं. पण आता ते वाक्य या पोरीच्या पदरात पडणार होतं. घरात मिक्सर जळेल, विहिरीवरची मोटर बंद पडेल, म्हैस आटेल, आणि दर वेळी कोणीतरी हिच्या पावलांकडे बघेल. लग्नाला सतरा दिवस होते. मनाशी म्हटलं, पांडुरंगा, कोमल माप ओलांडेल तेव्हा हा रेडिओ बोलला पाहिजे. नाहीतर ही गोष्ट या घरातून कधी जायची नाही.

मी फार बोलणारी बाई नाही. उठल्यापासून मौन असतं. तुळशीला पाणी, देवपूजा आणि कापसाच्या एकशे आठ वाती, एवढं झाल्याशिवाय शब्द काढायचा नाही, हा नेम मी लग्नाआधी वडगावला, माहेरी असताना धरला, तो अजून चालू आहे. खोटं बोलायचं नाही हाही नेमच. तो मौनाहून अवघड जातो.

दुसऱ्या दिवशी मौन सुटल्यावर मी नवऱ्याला सांगितलं, "रेडिओ दुरुस्त करायचाय."

प्रदीप चहा पीत होते. ते मळवलीतल्या दोन बंगल्यांची देखभाल बघतात, त्यामुळे नळ, गिझर, गवत कापायचं मशीन हे त्यांचं रोजचं. म्हणाले, "त्याचं काय राहिलंय आता? चाँदभाईंनी तेव्हाच परत दिला होता. ते मोठे कारागीर, त्यांना जमलं नाही."

"मग त्यांनाच विचारू," मी म्हटलं.

चाँदभाई वलवणला राहतात. लोणावळ्याच्या बाजारात त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, ते मिटून पंधरा वर्षं झाली. मी गेले तेव्हा अंगणात उन्हाला बसले होते. दोन्ही हात मांडीवर, आणि हात सारखे थरथरत होते.

"वळखलं की," ते म्हणाले. "मळवलीच्या सरुआक्कांची सून. उभ्या जन्मात मी एकच सेट दुरुस्त न करता माघारी दिला, तो तुमचा. कॉइल गेली म्हून सांगितलं." मग म्हणाले, "खरं सांगू सूनबाई? कॉइल गेली का न्हाई, मला बी म्हाईत नव्हतं. काय सापडंना, मग कायतरी सांगाया पायजे ना गिऱ्हाइकाला."

मी म्हटलं, "आता शोधू या का?"

त्यांनी दोन्ही हात उचलून माझ्यासमोर धरले. वाऱ्यात पान हलावं तसे हलत होते. "ह्या हातानं? चहाचा कप बी पोरगी धरती."

"हात माझे घ्या," मी म्हटलं. "डोकं तुमचं."

ते माझ्या बोटांकडे बघत राहिले. "काय काम करता बोटांनी?"

"वाती वळते. रोज एकशे आठ."

"बारीक?"

पिशवीत देवळात द्यायचा वातींचा जुडगा होता, तो दाखवला. त्यांनी एक वात डोळ्यांजवळ नेऊन पाहिली, ओढून पाहिली, उजेडात धरली. "एक धागा सुटंना," म्हणाले. "येतो."

दुसऱ्या दिवसापासून दुपारच्या लोकलनं त्यांची मुलगी नुसरत त्यांना मळवलीला आणून सोडायला लागली. नमाज पढून यायचे, चारच्या नमाजाला आमच्या मागच्या पडवीत चटई टाकायचे. माझा नेम सकाळचा, त्यांचा पाच वेळचा, त्यामुळे एकमेकांना काही समजावून सांगावं लागलं नाही.

सासूबाईंनी मात्र पहिल्या दिवसापासून खाट ओसरीतच घेतली. "बगूंद्या मला बी. एकीनं मुका केला अन् एकाला बोलता करता न्हाई आला. आता दोगं मिळून काय करत्यात!"

"आक्का," चाँदभाई म्हणाले, "तुमच्या तोंडाचा येक व्हॉल्व्ह काढून हितं बसवला तर सेट आत्ता वाजंल."

सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. मला त्यांचा राग कधीच आला नाही असं म्हणणार नाही, पण त्यांना हसताना पाहिलं की तो राहतही नाही.

पहिला दिवस नुसता साफसफाईत गेला. रेडिओवर अंथरलेला क्रोशाचा रुमाल काढला, मागचा पुठ्ठा काढला, आत झुरळांची घरं, कोळ्यांची जाळी. पाचही व्हॉल्व्ह, म्हणजे काचेचे छोटे दिवेच ते, एकेक उपसून मऊ फडक्यानं पुसले. मला वाटलं होतं की पिन लावून बघायचं. चाँदभाईंनी लाकडाची पट्टी माझ्या हातावर हलकेच मारली.

"एकतीस वर्सं झोपलेल्या माणसाला कोण दचकवून उठवतं का? आतले कंडेन्सर सुकल्यात. थेट वीज दिली तर धूर निगंल."

मग सोल्डरिंग गन माझ्या हातात आली. जुने कागदी कंडेन्सर मेणाच्या कांड्यांसारखे दिसत होते. एक काढायचा, त्याच जागी नवा बसवायचा, मगच दुसऱ्याला हात लावायचा. घाई नाही, एकदम दोन नाही. हे मला जमण्यासारखं होतं, वातींचंही असंच असतं. दुसऱ्या दिवशी बोट भाजलं. तिसऱ्या दिवशी टाका असा बसला की चाँदभाई म्हणाले, "माझ्या दुकानात असता तर मी गल्ल्यावर बसलो असतो."

पाचव्या दिवशी त्यांनी रेडिओच्या वायरीत शंभरचा बल्ब मध्ये जोडून घेतला. आत कुठं वीज नको तिथं जात असेल तर तो बल्ब भगभगीत पेटणार, सगळं ठीक असेल तर मंद राहणार. "अन् सेट चालू असताना आत हात घालायचा तर येकच. दुसरा पाठीमागं. दोन्ही हात घातले की वीज छातीतनं जाती." मी डावा हात पाठीशी धरला. प्रदीपनी बटण दाबलं.

बल्ब एकदा लखकन पेटला आणि मग मंदावत मंदावत समईएवढा राहिला. आणि आत, एकेका काचेत, तांबूस ठिणगी उमलायला लागली. पाचही पेटले. मी नकळत हात जोडायला गेले आणि चाँदभाई ओरडले, "येकच हात!"

त्यांनी सांगितल्याप्रमाणे आवाजाच्या बटणामागच्या तारेला मी पेचकसाचं टोक लावलं. स्पीकरमधून घर्रर्र असा मोठा आवाज आला. मांजर पळालं. सासूबाई खाटेवर उठून बसल्या.

"जिवंत हाय!" चाँदभाई म्हणाले. "म्होरलं, स्पीकरकडचं, सगळं जिवंत हाय. आता मागं मागं जायचं. घरात कोण कुटं झोपलंय ते दाराकडनं बगत जायचं, तसं."

आम्ही मागे मागे गेलो. एकेक खोली जागी निघाली. पण स्टेशनचा काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला, तरी तव्यावर पाणी पडावं तसा नुसता चर्रर्र आवाज. ना पुणे, ना मुंबई, ना एक शब्द.

चाँदभाई मागे टेकले. म्हणाले, "ह्येच. तवा बी हितंच अडलो होतो."

"म्हणजे काय होतंय?"

"तंबोरा असतो ना सूनबाई, भजनाला? आदी तो लागाया पायजे. ह्याच्या आत तसा येक सूर असतो. तो लागला की भाईरचं स्टेशन त्याला येऊन मिळतं. आपला आतलाच सूर लागंना."

पुढचे सात दिवस त्या आतल्या सुराच्या मागे गेले. व्हॉल्व्ह बदलून पाहिला, नुसरतनं पुण्याहून शोधून आणलेला. कॉइल मीटरवर तपासली, ती धडधाकट निघाली. म्हणजे एकतीस वर्षांपूर्वी गिऱ्हाइकाला सांगितलेलं कारणही खोटं ठरलं. बाराव्या दिवशी चाँदभाईंनी चष्मा काढून ठेवला.

"ऱ्हाऊद्या, सूनबाई. लग्नघर हाय. तुमाला मांडव, रुखवत, शंभर कामं. मला दुसऱ्यांदा हरवलं ह्यानं."

खाटेवरून सासूबाई म्हणाल्या, "मी म्हनलं न्हवतं? पायगुण दुरुस्त होतो व्हय कुटं?" पण या वेळी त्या हसल्या नाहीत. आवाजही नेहमीचा नव्हता. त्यांनाही तो वाजायला हवा होता, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मी चाँदभाईंना एवढंच म्हटलं, "उद्या या. एक दिवस."

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आटोपून मी ओसरीत वाती वळायला बसले. मौन होतंच. समोर उघडा रेडिओ, आणि पूर्वेचं ऊन दारातून थेट त्याच्या पोटात शिरलेलं. काटा फिरवला की आत एक वस्तू फिरते, तिला गँग म्हणतात; आतला सूर लावते ती हीच. पातळ पत्र्यांचे दोन गठ्ठे, एकमेकांच्या फटीत शिरणारे पण एकमेकांना न शिवणारे. तेरा दिवस मी ती बघत होते. पत्रे मला काळेच वाटले होते, जुनं झालं की काळं पडतं तसे.

त्या उन्हात दिसलं की कडेचा पत्रा चांदीसारखा पांढरा आहे. काळं होतं ते फक्त मधे, फटींत.

हातात नुकती वळलेली वात होती. ती मी एका फटीत घातली आणि ओढली. वात काळीभोर बाहेर आली.

गंज असा येत नाही. काजळीही अशी नसते. बोटानं चोळलं तर भुकटी, नाकाशी नेली तर पुसट, फार पुसट वास. तो वास मला माहीत होता. रोज सकाळी देवघरात येतो तोच.

बोलता येत नव्हतं, वाती छप्पन्नच झाल्या होत्या. उरलेल्या बावन्न मी त्या दिवशी कशा वळल्या ते माझं मला माहीत. वळून झाल्या आणि मौन सुटलं, तरीही मी कोणाला काही बोलले नाही. आधी चाँदभाईंना बघू दे, असं ठरवलं.

दुपारी ते आले. मी नुसती ती वात पुढे केली. त्यांनी वास घेतला. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा घेतला.

"ह्यो तर बुक्का!"

सासूबाई खाटेवर वळल्या. "काय म्हनला?"

"बुक्का, आक्का. देवाला लावता तो. गँगच्या फटीत भरलाय, किलोभर आसंल." त्यांनी मीटरच्या दोन तारा गँगला लावायला सांगितल्या. काटा हलला, जिथं मुळीच हलायला नको होता तिथं. "बुक्क्यात कोळसा. कोळसा वीज नेतो. त्यात आपला मावळचा पावसाळा, वलीनं घट्ट बसला. पत्रं येकमेकाला शिवंना आसं केलंय बनवणाऱ्यानं, अन् मदी ह्यानं पूल बांधला. मी मेला चेसिसच्या, म्हंजी आतल्या सांगाड्याच्या, खालनं सगळं तपासलं. वरनं कोण बघतंय!"

आमच्या घरात बुक्का वाहणारं माणूस एकच. सासूबाईंच्या चिमटीत तो सदाचाच: देवाला, तुळशीला, म्हशीच्या कपाळाला, स्वराजच्या मोटरसायकललासुद्धा. आणि त्या काळी, रोज पहाटे रेडिओवर अभंग लागला की त्या हात जोडून उभ्या राहायच्या आणि एक चिमूट रेडिओवर वाहायच्या. देव त्यातून बोलतोय, त्याला कसं वगळायचं?

सासूबाई खाटेवरून उतरल्या. काठी न घेता आल्या. वात हातात घेतली, नाकाशी धरली. बराच वेळ धरली.

"पर मी तर वाहत आलते," त्या हळू म्हणाल्या. "तुजे सासरे रेडू घेऊन आले तवापासनं. येवढी वर्सं काय न्हाई झालं. मग तू आल्यावरच कसं?"

त्यांनी ते टोचून विचारलं नव्हतं, खरंच विचारलं होतं. म्हणून मीही खरंच शोधलं. रेडिओची वरची फळी उलटी करून उजेडात धरली. तापून तापून तिला लांब चीर गेली होती, बरोबर गँगच्या डोक्यावर. चीर जुनी होती. मग आधी बुक्का आत का नाही पडला?

आणि मग मला आठवलं, आणि कान गरम झाले.

"आत्याबाई," मी म्हटलं, "आधी रेडिओवर काय असायचं?"

"मांजरपाटाचं आवरण. जाडं. मीच शिवलेलं."

"ते मी काढलं. लग्नानंतर पंधरा दिवसांत. माझ्या रुखवतातला क्रोशाचा रुमाल घातला, शोभेल म्हणून."

रुमाल कोपऱ्यात घडी घालून ठेवला होता. चाँदभाईंनी तो थरथरत्या हातानं उचलून उजेडात धरला. नक्षीची भोकं भोकं भिंतीवर उमटली. ते एकदम हसायलाच लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"येकीनं पीठ टाकलं, दुसरीनं चाळण धरली! अन् दळण माझ्या माथी!"

सासूबाई हसल्या नाहीत. रुमालाकडे बघत म्हणाल्या, "तू सांगितलं नसतंस तर कोनाला कळलं असतं?"

"मला," मी म्हटलं.

मग कामाला लागलो. ब्रश त्या फटीत जाईना, फुंकून बुक्का हलेना. कापूस घातला तर धागे मागे राहणार. चाँदभाई म्हणाले, "तुमच्या वाती." सकाळच्या एकशे आठ देवासाठी होत्या. मी देवाला विचारलं. त्यालाही बहुतेक रेडिओ ऐकायचा होता. स्पिरिटमध्ये बुडवून एकेक घट्ट वात फटीत घालायची, अलगद ओढायची, काळी टाकायची, नवी घ्यायची. सासूबाई शेजारी बसून मला वाती भिजवून देत होत्या. ऐंशीच्या पुढच्या वाती करड्या यायला लागल्या. शंभराव्यानंतर पांढऱ्या.

मीटरचा काटा आता हलत नव्हता. स्टेशनच्या काट्याचा कुजका दोरा या खटपटीत तुटला होता, तोही मी नवा ओवला, दोन कप्प्यांवरून, चाँदभाई सांगतील तसे वळसे देत. उन्हं उतरायला लागली होती. डावा हात पाठीशी घेतला आणि उजव्या हातानं काटा हळूहळू फिरवला.

चर्रर्र. चर्रर्र. मग एक शीळ, वरून खाली येत जाणारी. आणि त्या शिळेच्या तळाशी, विहिरीतून यावा तसा, पुरुषाचा धीरगंभीर आवाज: शेळ्या-मेंढ्यांना लस टोचून घ्यावी.

चाँदभाईंनी दोन्ही हात आकाशाकडे उचलले. सासूबाई म्हणाल्या, "मोटा कर, मोटा कर!" शेळ्यांची सगळी लसीकरण मोहीम आम्ही तिघांनी कीर्तनासारखी ऐकली. माझ्या लग्नात वाजला नसेल असा बँड माझ्या आत वाजत होता.

चौथ्या दिवशी लग्न झालं. दिवस मावळायच्या आत वरात दारात आली. उंबऱ्यावर तांदळाचं माप, मागं अर्धी मळवली, सोमाटण्याची मंडळी, आणि कोमल, हिरव्या शालूत, पाऊल उचलायच्या बेतात. मी आरती घेऊन उभी. प्रदीपना रेडिओ चालू करायला खुणावणार, एवढ्यात सासूबाईंनी काठी आडवी केली.

"थांब पोरी."

सगळे थबकले. सासूबाईंनी मागं बघून सांगितलं, "चाँदभाई, लावा."

चाँदभाई फळीजवळ उभे होते. थरथरत्या बोटांनी त्यांनी खटका दाबला. काचेमागं पिवळा उजेड आला आणि बाकी काही नाही. हे आम्हाला माहीत होतं, व्हॉल्व्ह तापायला अर्धा मिनिट लागतो. पण मांडवाला माहीत नव्हतं. कोमलची मामी पुढे सरकून बघायला लागली. कोमलचं उचललेलं पाऊल तसंच अधांतरी, आणि नजर पुन्हा त्या पावलावर.

त्या शांततेत सासूबाई बोलल्या, साखरपुड्याला बोलल्या होत्या तशाच खणखणीत.

"ऐका समदी. मी एकतीस वर्सं सांगितलं, माज्या सुनंच्या पायगुणानं रेडू मुका झाला. त्यो मी मुका केलता. बुक्का वाहून वाहून, माज्या हातानं. अन् बोलता कुनी केला? हिनं. पायगुण म्हनायचा तर ह्यो म्हना."

"रुमाल माझा होता," मी पुटपुटले.

"तू गप. तुजं मौन हाय."

"सकाळी असतं, आत्याबाई."

लोक हसले, आणि त्या हसण्यातच फळीवरून आवाज फुटला. सुरुवातीला घोगरा, मग मोकळा. कोणीतरी बाई गात होती. पेटीवर, तबल्यावर, सगळं घर भरून. चाँदभाईंचा हात खटक्यावर होता आणि तेवढा वेळ तो हात मला स्थिर दिसला.

कोमलनं वर पाहिलं. पहिल्यांदा माझ्याकडे, मग रेडिओकडे. आणि पायाकडे न बघता तिनं माप असं लवंडलं की तांदूळ थेट रेडिओच्या फळीखाली जाऊन सांडले.

सासूबाईंचे डोळे मिटले होते. गाणं ऐकता ऐकता त्यांचा हात कमरेच्या पिशवीत गेला, चिमूट भरून वर आला आणि सवयीनं रेडिओकडे निघाला. मी पुढे होणार, तोच तो हात मधेच थांबला. वळला. आणि त्यांनी ती चिमूट माझ्या कपाळाला लावली, कुंकवाच्या खाली, अंगठ्यानं दाबून.

"नीट वाजतोय," त्या म्हणाल्या. "उद्या मांजरपाट आण. आवरण मी शिवते."